सड्यावरचं कवंडळ

वैदेहीबाईंनी गावाची मंडपी बांधायची टूम काढली, तेव्हा वरच्यावाडीतल्या जाणत्या मंडळींनी त्यांना देवळात बोलावून पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाई, मंडपी बांधतात ती गणपतीच्या डोक्यावर. तुमच्या मंडपीखाली देव कुठचा?"

"देव नाही," बाई म्हणाल्या. "खाली आपण बसायचं."

झालं! सभामंडपात हशा पिकला. वाडीतला सदू म्हणाला, मग मोदकपण आपणच खायचे काय? दुसरा म्हणाला, आणि पाचव्या दिवशी आपल्यालाच नेऊन पाण्यात सोडायचं काय? बाई हसल्या, पण हटल्या नाहीत. त्या रत्नागिरीच्या, भाट्याच्या पुलापलीकडे राहणाऱ्या, हायस्कुलात चित्रकला शिकवायला रोज एस्टीनं यायच्या. चित्रकलेच्या बाईंनी वर्गात कमळ आणि ससा शिकवावा, तपासणी आली की भिंती रंगवून घ्याव्यात, एवढीच गावाची अपेक्षा. या बाई मुलांना घेऊन परह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठानं रंगीत माती गोळा करत हिंडायच्या. त्यामुळे त्यांचं डोकं थोडं फिरलेलं आहे यावर गावाचं आधीच एकमत झालेलं होतं.

मंडपी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, फुलं, वेल बांधायचे. कांगणं, शेरवड, कळलावी, सुपारीचा घड, तवसं, आणि मधोमध रानवेलीचं लालभडक फळ, कवंडळ. पण ही गोष्ट दोन हजार तीन सालची. तोवर बाजारात प्लास्टिकची द्राक्षं आली होती, प्लास्टिकची सफरचंदं आली होती, आणि मुंबईहून येणारे लोक ती पिशव्या भरभरून आणत होते. कोकणातल्या गणपतीच्या डोक्यावर काश्मीरची फळं! बाईंनी वर्गात मंडपीचं चित्र काढायला सांगितलं तर निम्म्या वर्गानं सफरचंदं काढली. रानातल्या अकरा वस्तू समोर ठेवल्या तर मुलांना तिनापुढे नावं सांगता येईनात. तेव्हा बाईंनी मनावर घेतलं.

त्यांची कल्पना अशी, की देवळाच्या सभामंडपात साऱ्या गावाची एकच मोठी मंडपी टांगायची. प्रत्येक घरानं तिला एक वस्तू बांधायची. ती बाजारातली नको, गावच्या शिवेच्या आतली हवी, स्वतः जाऊन आणलेली हवी. आणि बांधताना मोठ्यानं तिचं नाव सांगायचं, कुठून आणली ते सांगायचं. खाली जमिनीवर गावाचा नकाशा. तोही सगळ्यांनी मिळून करायचा. प्रत्येक घरानं जुन्या पांढऱ्या कापडाचा तुकडा घ्यायचा, त्यावर आपापली जमीन आपापल्या मातीनं काढायची, मग सगळे तुकडे शिवून एक करायचे.

वाद वाढला तसा शिवा गुरवानं तोड काढली. देवीला कौल लावू. पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवल्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असं गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. खांबाला टेकून बसलेला भागोजी त्या वेळी मनातल्या मनात डाव्या कौलाची भीक मागत होता. आई, डावी पाड, डावी पाड. आजवर त्यानं देवीकडे कुणाचं वाईट मागितलं नव्हतं, पण त्या दिवशी मागितलं. पाकळी उजवी पडली. सदूनं मांडीवर थाप मारली, आणि मघाशी हसणारेच आता दोरी कोण आणणार, वासे कोण देणार, याची वाटणी करायला लागले.

भागोजी घरी निघाला. त्याला एकच भीती होती. ही मंडपी झाली तर चिमाला सडा गेल्याचं कळणार.

चिमा म्हणजे त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. त्याआधी वरच्यावाडीच्या मंडप्या म्हणजे चिमा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे पाटी घेऊन ती सड्यावर जायची आणि उन्हं वर यायच्या आत सात घरांच्या मंडप्यांचं सामान घेऊन उतरायची. कुठलं फळ कुठल्या जाळीत यंदा धरलंय हे तिला आषाढापासून ठाऊक असायचं.

सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. त्यातला मोठा तुकडा भागोजीचा. चिमा रत्नागिरीला इस्पितळात होती, मुलगा दीपक मुंबईत नुकता कुठे नोकरीला चिकटला होता, आणि औषधपाण्याचा खर्च अंगावर आला होता. तेव्हा चिरेखाणवाला दारात येऊन बसला. भागोजीनं सरळ हिशेब केला. कलमं विकायची नाहीत, भाताची मळी विकायची नाही. उरला तो कातळ. कातळावर काय पिकतं? चार महिने गवत, आठ महिने चटके. बाप्यांची जात अशीच, ज्याला काजू-आंबा लागत नाही त्याला ती जमीनच म्हणत नाहीत. भागोजीनं अंगठा दिला. वर त्याला वाटलं, आपण शहाणपणा केला, सगळं वाचवलं, गेला तो नुसता दगड.

चिमा चार महिन्यांनी घरी आली. खाटेवर पडल्या पडल्या तिनं पहिला प्रश्न विचारला, "सड्यावर यंदा गवत कसा हाय?" आणि भागोजी म्हणाला, "बरा हाय." तिथं तो फसला. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाला, आणि मग ते राहिलंच. चिरे कापायच्या मशिनचा आवाज खाली घरापर्यंत यायचा. ती विचारायची तेव्हा तो सांगायचा, पलीकडच्या गावच्या हद्दीत खाण निघालीय. साऱ्या वाडीला त्यानं हात जोडून सांगून ठेवलं होतं, माझ्या म्हातारीला सांगू नका, ती जीव सोडील. वाडी भांडखोर खरी, पण या एका गोष्टीत तिनं तोंड शिवलं.

बाई घरोघर कापडाचं सांगत आल्या तेव्हा भागोजी घरामागच्या परड्यात होता. तो धावत पडवीत येईतो चिमाशी सगळं बोलून झालं होतं. आणि काय सांगावं, तीन वर्षांत कधी दिसलं नव्हतं असं तेज तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर आलं होतं.

"अवो," ती म्हणाली. तिचे शब्द एकमेकांत अडकायचे, पण भागोजीला सगळं समजायचं. "आपला सडा मी सांगतंय, तुमी काढा. आणि कवंडळ आपलं. झऱ्याकडच्या जाळीतलं. दुसऱ्या कुणी आणायचं नाय."

बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी भागोजीकडे पाहिलं. त्यानं चिमाच्या मागून हात जोडले. बाई तशाच पुढच्या घराकडे गेल्या.

मग चार दुपारी त्या पडवीत जे चाललं, तसं त्या घरात पूर्वी कधी चाललं नव्हतं. भागोजीनं आपलं जुनं धोतर फाडून जमिनीवर अंथरलं. करवंटीत लाल माती कालवली, दुसरीत मळीतली काळी, तिसरीत चुलीतला कोळसा. हिरव्यासाठी घेवड्याचा पाला वाटला, गुलाबीसाठी तेरड्याची फुलं. शाळेत तो दुसरीपर्यंत गेलेला. ब्रश त्यानं पाहिला होता तो घराला चुना काढायचा. त्यानं बोटानंच काढायला घेतलं आणि चिमा खाटेवरून सांगायला लागली.

"ही वाट. वाकडी काडा, सरळ कुटं हाय ती? हितं आंबा. आंबा सोडला का कातळ सुरू."

"हां. फुडं?"

"फुडं उजवीकडं खळगा. पावसात त्याच्यात पाणी ऱ्हवतं. कडेनं निळी फुलं येतात, बारीक, सीतेची आसवं. सगळा निळा करून टाका."

"निळा रंग नाय."

"मग नुसतं टिंब द्या. मना कळंल."

भागोजी टिंबं द्यायचा. चाळीस वर्षं त्यानं त्या सड्यावर गुरं चारली होती, गवत कापलं होतं, पण त्याला तिथल्या दोनच जागा ठाऊक होत्या, अलीकडचा सडा आणि पलीकडचा सडा. चिमाला वीस जागा ठाऊक होत्या आणि विसांनाही नावं होती. एक होतं टिटवीचं परडं, तिथं उघड्या दगडावर टिटवी अंडी घालायची. पुढं फोडशीच्या भाजीचा वाफा लागायचा, कुणी न लावलेला. एका ठिकाणी फार जुन्या काळी कुणीतरी कातळावर मासा कोरून ठेवला होता, शेपटीशी मोडलेला. लहानपणी त्या माशावर भागोजीनंही उड्या मारल्या होत्या. तो मासा चिऱ्यांत कापला जाऊन कुणाच्या घराच्या भिंतीत गेला असेल, हे चित्र काढताना त्याच्या मनात आलं आणि त्याचं बोट थांबलं.

"आणि हितं मोठा दगुड. बाळंतिणीचा."

"बाळंतिणीचा कसला?"

"दीपकच्या टायमाला गवताचा भारा घेऊन येत व्हते. तितं कळ आली. त्या दगडाला धरून बसले. मनात म्हटलं, हितंच होतंय काय. मग उठले, भारा उचलला, आले खाली."

भागोजीनं मान वर केली. "मना कवा सांगितलं नायस."

"तुमी कवा इचारलंत?" चिमा म्हणाली. रागानं नाही, अगदी सहज.

त्या दुपारी भागोजीला स्वतःची जी लाज वाटली ती आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपण काय विकलं ते विकून तीन वर्षं झाल्यावर त्याला कळत होतं, आणि तेही तिच्याच तोंडून, आणि तिला ते ठाऊकच नव्हतं. रोज चित्र आवरताना तो ठरवायचा, आता सांगायचं. रोज चिमा म्हणायची, "उद्या झऱ्याकडचं काडू," आणि तो गप्प बसायचा.

चौथ्या दिवशी झरा काढला, झऱ्यावरची जाळी काढली, जाळीत कवंडळाचा वेल काढला. लाल मातीचा एक ठसठशीत ठिपका दिला. चिमानं मान वाकडी करून पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाली, "माजा सडा." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते आनंदाचं होतं, हेच भागोजीला सोसवेना.

कापड घेऊन तो शाळेत गेला. बाई तुकडे जोडत बसल्या होत्या. त्यांनी ते उलगडलं आणि एकेका टिंबावरून बोट फिरवत गेल्या. खाण त्यांना रोज एस्टीच्या खिडकीतून दिसायची.

"भागोजीकाका, हे सगळं तिथं होतं?"

"व्हतं म्हणतेय ती."

"त्यांना सांगायला हवं हो."

"गणपती होऊ दे बाई. एवढा गणपती तिला खुशीत जाऊ दे."

बाईंनी सुईत दोरा ओवला. गावाच्या डोक्यावर जिथं काळा चौकोनी खड्डा यायला हवा होता, तिथं त्यांनी चिमाचा सडा शिवला. पुढे कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, माझ्याकडून आयुष्यात शिवणाची ती एकच चूक झाली.

राहिलं कवंडळ. भागोजी दोन दिवस शिवेच्या आत फिरला. पूर्वी प्रत्येक गडग्यावर जाळी असायची. आता गडग्यांच्या जागी तारेचं कुंपण आलं होतं, आणि कलमांच्या बागा इतक्या साफ ठेवलेल्या की खाली वाळकं पानही दिसू नये. परह्याच्या वळणावर एक वेल सापडला, त्याला नुसतीच फुलं होती. शेवटी तो सड्यावर गेला. गणपतीसाठी खाण बंद होती, कामगार घाटावर आपापल्या गावी गेले होते. भिंतीसारखा सरळ कापलेला खड्डा, तळाशी हिरवं पाणी. कडेला एक जाळी तरी उरली असेल या आशेनं तो पूर्ण फेरी मारून आला. लाल धुळीशिवाय काही नव्हतं. झरा कुठे होता तेही त्याला आता दाखवता आलं नसतं.

हरतालिकेच्या दिवशी तो रत्नागिरीच्या बाजारात गेला. रस्त्याच्या कडेला आतल्या गावांतल्या बाया मंडपीचं सामान घेऊन बसल्या होत्या. एका म्हातारीच्या पाटीत कवंडळं होती, देठासकट, टपोरी. तिनं नाव सांगितलं सखू. कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाली राजापूरच्या पुढचं. भागोजीनं एक उचललं. चिमाच्या घरात बाजारची मंडपी कधी आली नव्हती. त्यानं ते धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि एस्टीत सगळा रस्ता मांडीवर धरून बसला.

दीपक बायकोला घेऊन मुंबईहून आला होता. त्यानं ते फळ पाहिलं आणि बापाला परड्यात नेऊन म्हणाला, "बाबा, बस झालं. सांगून टाका."

"विसर्जन झालं की सांगतो."

"दर वर्षी हेच म्हणता."



ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव देवळात जमला. चिमाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्चीला दोन वासे बांधले, आणि दीपक, सदू आणि आणखी दोघांनी तिला उचलून आणलं. तीन वर्षांनी ती घराबाहेर पडली होती. वाटेत ती प्रत्येक झाडाकडे मान वळवून बघत होती, आणि बायका उंबऱ्यात येऊन तिला हात दाखवत होत्या.

मंडपी खरोखर देखणी झाली होती, हे सुरुवातीला हसणाऱ्यांनाही कबूल करावं लागलं. चौकट साऱ्या सभामंडपाएवढी, आंब्याचे टहाळे लावलेली, नुसत्या दोऱ्या खाली सोडलेल्या. एकेका घराचं नाव पुकारलं जायचं, घरातलं कुणीतरी उठायचं. "कांगणं! देवराईच्या मागून." "शेरवड! मथुरेच्या परड्यातून, तिला विचारून." मग हशा. "कळलावी! बांधावरची. हात लावलेल्यांनी हात धुवा!" मुंबईचे जीन घातलेले मुलगे चिखलानं बरबटलेले पाय घेऊन उभे राहत होते, आयांना कोपरानं ढोसून वस्तूचं नाव विचारत होते. कुणी नाव चुकलं की बायका एका सुरात ओरडायच्या. नाव सांगून झालं की नकाशावर त्या जागी खडा ठेवायचा. माणसं खाली वाकून आपापलं घर शोधत होती, शेजाऱ्यानं बांध सरकवून काढलाय म्हणून भांडत होती. असा आरडाओरडा त्या देवळात शिमग्याशिवाय कधी झाला नव्हता.

फक्त नकाशाच्या वरच्या टोकाशी आलं की माणसं गप्प होत होती. तिथं निळ्या फुलांची टिंबं कोळशानं दिली होती. टिटवी होती, मासा होता, झरा होता. जो तो बघायचा आणि बाजूला व्हायचा. एकदोघी बायांनी पदर डोळ्याला लावला.

भागोजीच्या घराचं नाव आलं. त्यानं कवंडळ चिमाच्या डाव्या हातात दिलं. तिनं ते गालाला लावलं, वास घेतला, आणि सगळा जोर लावून म्हणाली, "कवंडळ." इतकं स्वच्छ, की सगळ्यांना कळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भागोजीनं ते घेऊन मधल्या दोरीला बांधलं. बाईंनी झटकन पुढच्या घराचं नाव घेतलं.

"थांबा," चिमा म्हणाली. "कुटून ते इचारा ना. नेम हाय ना तुमचा?"

बाई कागदाकडे बघत राहिल्या.

"तुमी सांगा," चिमा नवऱ्याला म्हणाली.

भागोजी मंडपीखाली उभा होता. समोर देवी, खाली नकाशा, भोवती सगळा गाव, आणि एकही माणूस मान वर करायला तयार नव्हता. तो म्हणाला, "सड्यावरचं. झऱ्याकडच्या जाळीतलं." आणि वाकून त्यानं खडा ठेवला.

चिमाचा अर्धा चेहरा हसला. आणि मग ती जे म्हणाली त्याची तयारी भागोजीनं केलेली नव्हती. तीन वर्षांत त्यानं हजार प्रश्नांची उत्तरं मनात ठरवून ठेवली होती, पण हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"आता खुर्ची हाय, चार माणसं हायत," ती म्हणाली. "मना वर न्या. एकदा बगून येतंय."

पाऊस लागेल, असं कुणीतरी म्हणालं. आभाळ स्वच्छ होतं. वाट निसरडी आहे, असं भागोजी म्हणाला. "चार जण हायत ना," चिमा म्हणाली. दीपकनं बापाकडे पाहिलं, आणि वाशाला खांदा दिला. त्याच्यामागे सदूनं दिला.

भागोजी कोयती घेऊन पुढे चालायला लागला. वाटेवर फांद्या आडव्या आल्या होत्या, त्या तो तोडत होता. मागून चिमा बोलत होती. हितं करवंदं असायची. हितं मी एकदा पडले. आवाज पोरीसारखा झाला होता तिचा. भागोजी एकेक फांदी तोडायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ लावत होता, पण वाट ती केवढी! आंबा आला. आंब्याचं वळण गेलं की सडा दिसणार होता.

"खाली ठेवा," भागोजी म्हणाला.

त्यांनी खुर्ची आंब्याखाली ठेवली आणि चौघेही खांदे चोळायच्या निमित्तानं दूर जाऊन उभे राहिले. भागोजी चिमापुढे उकिडवा बसला. कोयती त्याच्या हातातच होती.

"चिमे, सडा नाय."

तिला समजलं नाही.

"खाणीला दिला मी. तू इस्पितळात व्हतीस तवा. सगळा कापला. झरा नाय, जाळी नाय, तो दगुड नाय. काय नाय ऱ्हवलं. खड्डा हाय आणि पाणी हाय. मी खोटं बोललो तुज्याशी."

तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू तीन वर्षं हलत नव्हती. आता डावीही हलेना. वरून वारा येत होता, त्याला धुळीचा वास होता. भागोजीला वाटलं ती ओरडेल, शिव्या घालील, रडेल. तिनं एवढंच विचारलं,

"मग कवंडळ कुटचं?"

त्या प्रश्नानं भागोजी मोडला. सडा दिला हे सांगताना त्याचा आवाज फुटला नव्हता. "बाजारातलं," तो कसाबसा म्हणाला, आणि कपाळ तिच्या गुडघ्याला टेकून लहान मुलासारखा रडला. तिचा डावा हात मोकळा होता. तो तिनं त्याच्या डोक्यावर ठेवला नाही.

"फिरवा खुर्ची," ती म्हणाली.

"घरी?"

"देवळात."

देवळात अजून निम्मं गाव होतं. चिमाला परत आणलेली बघून बोलणी थांबली. तिनं मंडपीकडे बोट केलं. "ते सोडा," ती भागोजीला म्हणाली. "बाजारचं बांदायचं नाय असं ठरलंय. सोडा ते."

भागोजीनं सगळ्यांच्या देखत गाठ सोडली. फळ हातात आलं. दोरी नुसतीच लोंबत राहिली. सदू ती गुंडाळायला पुढे झाला तशी चिमा म्हणाली, "दोरी ऱ्हवू दे."

मग ती नकाशाकडे वळली. बाई तिच्याजवळ येऊन बसल्या. सडा उसवून काढू का, असं त्यांनी हलकेच विचारलं. त्यांना वाटलं तिला आता ते बघवणार नाही.

"तो कशाला?" चिमा म्हणाली. "तो खोटा नाय. मी बगितलेला हाय."

त्यानंतर ती पाच महिने जगली. भागोजीशी बोलायची. पाणी द्या, कुशीवर वळवा, गुरं आली काय. वाकडं एक अक्षर बोलली नाही. पण सड्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, आणि त्यानंही काढायचं धाडस केलं नाही. माघात एका दुपारी ती गेली. तिनं आपल्याला माफ केलं की नाही हे भागोजीला कधीच कळलं नाही.

गावाची मंडपी मात्र दर वर्षी होते. बाईंची बदली झाली, तरी त्या दिवशी त्या येतात. दुसऱ्या वर्षी वाडीतल्या मथुरेला कांगणं मिळालं नाही. बाजारचं आणायचं तिला धैर्य होईना. ती रिकाम्या हातानं उठली, दोरीला नुसती गाठ मारली आणि म्हणाली, कांगणं, देवराईच्या मागचं. तेव्हापासून तशीच पद्धत पडली. ज्याला वस्तू मिळत नाही तो रिकाम्या दोरीला गाठ मारतो, नाव सांगतो, जागा सांगतो. पाच वर्षांत अशा दोऱ्या सतरा झाल्या. नकाशाचं कापड विरत चाललंय, टिंबं पुसट झालीत, पण सडा अजून ओळखू येतो.

भागोजी आता काठी घेऊन येतो. त्याच्या घराचं नाव आलं की तो मंडपीखाली जातो, मधल्या दोरीला गाठ मारतो आणि म्हणतो, "कवंडळ."

"कुठून?" बाई विचारतात. चिमा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांना विचारवत नव्हतं. भागोजीनंच सांगितलं, बाई, इचारायचं.

"सड्यावरचं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. "सडा मी दिला."

मग तो वाकून नकाशावर खडा ठेवतो आणि आपल्या जागी जाऊन बसतो. पुढच्या घराचं नाव पुकारतात.